रुमालाचा खेळ

रुमाल हाती आलाच नाही. आनंदरावांची बोटं आदळली ती रुमाल धरून वरून वाकलेल्या बाईच्या मनगटावर. काचेच्या बांगड्या फुटल्या, बाई किंचाळली, आणि 'मौत का कुआँ'च्या काठावर दाटीनं उभ्या असलेल्या लोकांनी टाळ्या पिटल्या. त्यांना तो खेळाचाच भाग वाटला.

माईकवर बोलणाऱ्या भागीरथेला तसं वाटलं नाही. तिनं त्या बाईचं मनगट आपल्या पदरात धरलं. रक्त फार नव्हतं. पण खाली फळ्यांच्या उभ्या भिंतीवर फटफटी गरगर फिरवणाऱ्या नवऱ्यावरून तिची नजर हटेना. आनंदराव उमरेडच्या विणकराघरचे. माग बंद पडला तसे ते या कुव्यात उतरले. लग्न झाल्यापासून ती हा खेळ पाहत होती. त्यांचा हात असा कधी चुकला नव्हता.

रामटेकच्या जत्रेतला तो दुपारचा खेळ. संपल्यावर तंबूत तिनं त्यांच्यापुढे चहा ठेवला.

"काहून जी, रुमाल दिसला नाही का?"

"दिसला न वं. पन जेथं दिसला तेथं नव्हता."

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. पोळ्यापासून डाव्या डोळ्यापुढे धूर साचला होता. नागपूरच्या डॉक्टरनं हा डोळा गेला म्हणून सांगितलं होतं.

एवढ्यात कुव्याचे मालक ताराचंद आत डोकावले. डोळ्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. "आनंदराव, डोळे बांधायचा आइटम बंद कर गा. मले रिस्क नाही पाहिजे. रुमाल मातर दोनदा घे. पब्लिक त्याच्यावरच खूश हाय."

ते गेल्यावर आनंदराव कोरडं हसले.

"पाह्य वं, डोळे बांधनं तं सोपं हाय. भित आंगाले समजते, इंजिनचा आवाज सांगते आपन कोठं हावो ते. हात सोडनं त्याहून कठीन, कंबर मोडते. पन त्यात पडलो तं मीच पडन." त्यांनी कप खाली ठेवला. "रुमालात दुसऱ्याचा हात रायते."

भागीरथेला आपलेच शब्द आठवले. इतकी वर्षं त्यांचे डोळे बांधताना ती 'जान की बाजी' म्हणून ओरडत आली होती, आणि रुमालाच्या वेळी हसत हसत म्हणत आली होती, या ताई, पुढे या, वाका अशा.

"मालकाले सांगून टाका न."

"सांगतलं का काम गेलं."

"मी आज कोनालेच पुढं बोलावनार नाही."

"लोक आपल्या मनानंच हात काढतात वं," ते म्हणाले.

संध्याकाळच्या खेळाला कुवा काठोकाठ भरला. मालकानं नको म्हटलं होतं, तरी आनंदरावांनी डोळे बांधून फेरे मारले. मग पट्टी सोडून, दोन्ही हात पसरून, सीटवर एका अंगाला बसून मारले. अशी फटफटी फिरवताना भागीरथेनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. लोक शिट्ट्या फुंकत होते. मग कोणी न बोलावताच काठावरून हात बाहेर आले. रुमाल, टोप्या, एका पोरीची लाल ओढणी. "रुमाल! रुमाल!"

ताराचंद तिकिटाच्या टेबलापासून तिला खुणा करत होते. तिनं माईक छातीशी धरून ठेवला.

आनंदरावांची फटफटी काठाजवळच्या लाल रेघेपर्यंत चढली. एक फेरा त्यांनी त्या सगळ्या हातांखालून मारला, अंग चोरून. मग दर फेऱ्याला ती खाली खाली येत गेली. तळाला त्यांनी इंजिन बंद केलं.

आधी कोणाला कळेचना. मग हुर्यो सुरू झाली. वरून शेंगांची टरफलं पडू लागली. भागीरथेनं माईक तोंडाशी नेला.

"हात मांगं घ्या जी सगळ्याइनं. खेळ संपला."

ताराचंद तळाच्या दारातून तावातावानं आत शिरले. "काहून नाही घेतला बे?"

"डावा डोळा गेला, मालक," आनंदराव मोठ्यानं म्हणाले. वरच्यांनाही ऐकू गेलं. हुर्यो थांबली.

ताराचंद बघतच राहिले. "अन् मंग डोळे बांधून कशी फिरवली?"

आनंदरावांनी फटफटी स्टँडवर लावली, बाहीनं हँडल पुसलं आणि किल्ली मालकाच्या हातात दिली.

बाहेर दिव्यांच्या उजेडात जत्रा फुलली होती. गर्दीत भागीरथा नेहमी त्यांच्या मागून चालायची. आज ती त्यांच्या डाव्या बाजूला आली. तिनं त्यांचा हात धरला नाही. समोरून येणाऱ्यांचे धक्के आपल्या खांद्यावर घेत ती नुसती त्यांच्याबरोबर चालत राहिली.