हातातले पत्ते टाकताना

अपेक्षा सुट्टीला न्हावऱ्याला आली, तेव्हा तिनं आजोबांना, हौसरावांना, पोकर शिकवलं. पैशांऐवजी चिंचोके होते. तीन पत्तीत मुरलेल्या आबांना जोड्या, रंग, क्रम लगेच उमगले. पण हातात काही नसलं तरी ते डाव सोडत नसत.

"आबा, पत्ते वाईट आले की टाकायचे. चिंचोके चांगल्या पत्त्यांसाठी राखायचे."

"टाकलं म्हंजी हरलोच की."

"एकच डाव. खेळ चालूच असतो."

आबा हातातल्या सत्ती-दुर्रीकडं बघत राहिले. गावच्या सोसायटीच्या निवडणुकीत ते गेल्या खेपेला हरले होते, यंदा पुन्हा उभे होते. गाव समोर उभ्या असलेल्या पुतण्या सत्यजीतच्या बाजूनं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पत्ते पालथे ठेवले.

सकाळी शिरूरला जाऊन त्यांनी उमेदवारी मागं घेतली. परतताना एसटीत वाईट वाटलं, पण आधी भीती वाटली होती तेवढं नाही.