मनोऱ्याचा धाकटा

"अगं बाई! तुम्ही तर गेलात ना?"

औषधाच्या दुकानात रांगेत पुढे उभ्या असलेल्या आजींनी मागे वळून पाहिलं, मग आणखी वर पाहिलं, मग आणखी वर, आणि हातातली खोकल्याची बाटली सोडूनच दिली. त्याने ती खाली वाकून अलगद झेलली आणि त्यांच्या पिशवीत ठेवली.

"मी नाही गेलो, आजी. दादा गेला. मी त्याचा धाकटा भाऊ."

"हुबेहूब हो! त्यांच्या सामन्यांपायी मी कितीदा दूध उतू जाऊ दिलंय." आजींचा हात त्याच्या कोपरापर्यंतच पोचत होता, तेवढ्या कोपरावरून त्यांनी तो फिरवला. "जपा हं स्वतःला."

"आजी, हे रोजचंच आहे," दुकानदार आतून म्हणाला. "परवा एक जण सुटे पैसे न घेताच पळाला."

तो हसला. गुडघ्याला चोळायचं मलम घेतलं, दाराखालून मान वाकवून बाहेर पडला. दादाला जाऊन चार महिने होत आले होते आणि दादाचा चेहरा घेऊन हा गावभर हिंडत होता. आता दुसरा चेहरा माणसाने आणायचा कुठून?

उंची ही त्या घरातली एकमेव इस्टेट, आणि ती दोन्ही भावांना सारखी वाटून मिळाली होती. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. आई हाक मारताना दोघांची नावं एका दमात घ्यायची. जो येईल त्याला कामाला लावायची. बेकरीच्या मागच्या भिंतीला बूड निघालेली बादली ठोकून दोघं त्यात चेंडू टाकत मोठे झाले. फरक एवढाच, की हरल्यावर दादा जेवायचा नाही आणि हा दोघांचं जेवायचा.

मोठ्या बास्केटबॉल क्लबाचा माणूस दोघांना पाहायला आला, तेव्हाही तेच झालं. हा बरा खेळत होता. पण मध्येच गुणफलकावरचे दिवे कसे लागतात ते बघत उभा राहिला आणि चेंडू त्याच्या पाठीत बसला. क्लबाने दादाला उचललं. याला वाईट वाटलं का, असं लोक पुढे आयुष्यभर विचारत राहिले. खरं सांगायचं तर याला त्या दिवशी फक्त फलकाची पेटी उघडून बघायला मिळाली नाही, याचंच वाईट वाटलं होतं.

दादाचं पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. पहिला हंगाम बाकावर बसून काढला, दुसऱ्या हंगामात गुडघा फाटला, डॉक्टरांनी खेळ विसर म्हणून सांगितलं. दादा परत आला तो असा, की अंतिम सामन्यात मोडलेलं बोट शेजारच्या बोटाला बांधून दोन्ही फ्री थ्रो टाकले आणि क्लबाला पहिल्यांदा चषक मिळाला. दुसऱ्या क्लबांनी पैशांच्या राशी दाखवल्या, तरी दादा त्याच क्लबात राहिला. फ्री थ्रोच्या आधी तो डोळे मिटून चेंडू एकदाच आपटायचा, तर गल्लोगल्लीची पोरं डोळे मिटून चेंडू आपटू लागली आणि नाकं फोडून घेऊ लागली. लोक त्याला मनोरा म्हणायचे.

धाकटा एका मोठ्या रुग्णालयात दिवे-पंख्यांचं काम करू लागला. छताचा दिवा बदलायला त्याला एक स्टूल पुरायचं. तिथे त्याला सगळे शिडी म्हणायचे. "शिडीला बोलवा रे," असं कुणी ओरडलं, की नवे रुग्ण खरी शिडी येईल म्हणून वाट बघायचे. लग्न त्याने केलं नाही. कारण विचारलं तर म्हणायचा, "मापाचा पलंग मिळत नाही."

मनोऱ्याची सही मागायला लोक शिडीला अडवायचे, हे ओघानेच आलं. सुरुवातीला तो मान हलवून निघून जायचा. मग एकदा दादाच म्हणाला, "नाही म्हणत जाऊ नकोस रे. तू नाही म्हणालास, की लोकांना वाटतं मीच माजलोय."

"मग काय करू?"

"सही ठोक, हात वर कर, पुढे हो."

"आणि चेंडू टाकून दाखव म्हणाले तर?"

"गुडघा दुखतो म्हणून सांग. खोटं थोडंच आहे? माझा दुखतोच."

तेव्हापासून गावातल्या निम्म्या घरांत चौकटीत लावलेल्या मनोऱ्याच्या सह्या शिडीच्या हातच्या आहेत. दर रविवारी दादाकडे जेवायला गेला, की आठवड्यात कुणाकुणाला टोप्या घातल्या त्याचा हिशेब तो पानावर सांगायचा, आणि वहिनी हसून हसून डोळ्यांना पदर लावायच्या. "भाऊजी, एखाद दिवशी माझ्याही हातावर सही कराल आणि मी खुशाल त्यांची म्हणून मिरवेन!" दादा निवांत जेवत म्हणायचा, "त्याची सही माझ्यापेक्षा बरी आहे, करून घे." त्या रविवारांसाठी शिडी बाकीचे सहा दिवस ढकलायचा, असं म्हटलं तरी चालेल.

आणि नेमकं तेच घर आता बंद झालं होतं. झालं ते क्रीडागृहात.

क्लबाची रीत अशी, की फार मोठा खेळाडू गेला किंवा निवृत्त झाला, की त्याच्या क्रमांकाचा सदरा छताला टांगायचा आणि तो क्रमांक पुन्हा कुणाला द्यायचा नाही. दादाचा सदरा वर चढवायच्या दिवशी क्रीडागृह गच्च भरलं होतं. वहिनी आणि पुतणी वरच्या मानाच्या जागी बसल्या होत्या. क्लबाच्या अध्यक्षांनी शिडीला सांगितलं, "मैदानाच्या मध्यापर्यंत चालत जा आणि दोरी ओढ. बाकी काही करायचं नाही."

तो चालत मध्यापर्यंत गेला. दिवे एकदम अंगावर आले. आधी सगळीकडे चिडीचूप झालं, आणि मग कुठूनतरी एक आवाज उठला, "मनोरा!" दुसरा उठला. बघता बघता अख्खं क्रीडागृह पायांनी ताल धरून ओरडू लागलं. आणि शिडीने काय करावं? त्याने उजवा हात वर केला, तळवा उघडा, दादा करायचा अगदी तसा.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वर पाहिलं तर वहिनी उभ्या राहिल्या होत्या. दोन पायऱ्या उतरल्या, थांबल्या, वळल्या आणि तोंडावर हात धरून दाराबाहेर गेल्या. संध्याकाळी तो घरी गेला तेव्हा दार किलकिलं झालं आणि पुतणी खाली मान घालून म्हणाली, "काका, आई म्हणते थोडे दिवस नको येऊस."

थोडे दिवस म्हणजे किती, हे विचारायची त्याची छाती झाली नाही. स्वतःच्या मेलेल्या भावाच्या टाळ्या आपण घेतल्या, असंच त्यांना वाटलं असणार. त्याला स्वतःलाही तसंच वाटू लागलं. त्याने दाढी वाढवली. रुग्णालयातली परिचारिका म्हणाली, "छान दिसते. मनोऱ्याने पण एका हंगामात अशीच ठेवलेली." त्याने दाढी काढली. पोक काढून चालून पाहिलं, तर कंबर धरली. रविवारी तो खोलीत ब्रेड खाऊन लवकर झोपू लागला.

मग पुतणीचा फोन आला. "काका, घरातले दिवे गेलेत."

"आईने बोलावलंय मला?"

"आई म्हणाली, कुणालातरी बोलव. मी तुला बोलवतेय."

"मी माणूस पाठवतो माझ्याकडचा."

"अरे काका, बाबांनी छत कुठे नेऊन ठेवलंय तुला माहितीये ना? एकेक करत सगळे गेले. आता स्वयंपाकघरातला तेवढा उरलाय. आई अंधार पडायच्या आत जेवून घेते."

शिडीने फोन ठेवला आणि हत्यारांची पिशवी उचलली.

ते घर दादाने हातात पैसा आल्यावर स्वतःच्या मापाने बांधून घेतलं होतं. दारं उंच, ओटा उंच, फळ्या उंच, हात धुवायचं बेसिनसुद्धा छातीशी. वहिनी दादाच्या कोपराच्याही खाली. पण नवऱ्याला जन्मभर दुसऱ्यांच्या घरात वाकावं लागतं, आपल्या घरात तरी ताठ उभं राहू दे, असं त्यांचं म्हणणं. त्या घरभर स्टूल घेऊन हिंडायच्या. काही काढायचं असलं की दादा यायचा. आता त्या घरात त्यांच्या हाताला येईल अशी एकही गोष्ट नव्हती.

दार पुतणीने उघडलं. आतून वहिनींचा आवाज आला, "कोण गं?"

पुतणी काहीतरी बनवून सांगणार होती, पण त्याने तिला थांबवलं. "मी आहे, वहिनी. दिवे लावतो आणि जातो."

स्वयंपाकघराचं दार हळूच लोटलं गेलं. आवाज तेवढा त्याचा स्वतःचा होता. मैदानावर ओरडून ओरडून दादाचा घसा बसलेला, याचा बारीक आणि कोवळा. तो कामाला लागला. जुना दिवा काढायचा, नवा फिरवायचा, स्टूल पुढे सरकवायचं. बैठकीच्या खोलीत शेवटच्या दिव्याला हात घातला, तेव्हा लोटलेल्या दाराआडून प्रश्न आला.

"भाऊजी, तुम्ही हात का वर केलात त्या दिवशी?"

तो स्टुलावर तसाच उभा राहिला. त्या दिवसापासून तो स्वतःलाही हेच विचारत होता.

"सवयीने, वहिनी," तो म्हणाला. "ते ओरडायला लागले. दादाचं सांगणं होतं, नाही म्हणू नकोस. मला वाटलं... क्षणभर खरंच वाटलं, तो आत कपडे बदलतोय. येईलच आता. तोवर आपण सांभाळून घ्यावं."

पुतणी भिंतीला टेकून उभी होती, ती नखं कुरतडू लागली.

"मी तुमच्यावर चिडून उठले नव्हते हो," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही हात वर केलात आणि मला वाटलं, आले. मी खाली यायलाच निघाले होते. दोन पायऱ्या उतरल्यावर आठवलं." त्यांचा आवाज चिरकला. "तुम्हाला पाहिलं की आधी आनंद होतो मला. एवढासाच, पण होतो. मग त्याच्यामागून जे येतं ना, ते नाही सोसवत. म्हणून येऊ नका म्हटलं."

शिडीला रडू आलं. त्याने ते अडवलंही नाही. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्याने आधी दिवा बसवला.

"झालं, वहिनी. निघतो मी."

"थांबा." दार थोडं उघडलं. "तो बाहेरचा आरसा तेवढा खाली घ्या. त्यात मला नुसतं कपाळ दिसतं, तेही स्टुलावर चढल्यावर."

पुढच्या दाराजवळ भिंतीत दादाच्या मापाने लावलेला आरसा होता. त्याने स्क्रू सैल करून तो उतरवला. "किती खाली घेऊ?"

वहिनी बाहेर आल्या. त्याच्याकडे न बघता, फरशीवर नजर ठेवून चालत आल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्याने मागून, त्यांच्या डोक्यावरून हात लांब करून आरसा धरला आणि हळूहळू खाली आणला.

"अजून," त्या म्हणाल्या. "अजून थोडा. बस."

पुतणीने भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. त्याने भोकं पाडली, आरसा स्क्रूने घट्ट बसवला, हलतो का ते पाहिलं आणि मागे सरकला. आरशात वहिनींचा चेहरा नीट मधोमध आला होता. केस पांढरे झाले होते, ते त्या जरा नवलाने बघत होत्या. त्यांच्या मागे त्याच्या सदऱ्याची बटणं दिसत होती आणि बटणांच्या वर आरसा संपत होता.

बटणांकडे बघतच वहिनी म्हणाल्या, "बसा, भाऊजी."

"इथे?"

"इथेच."

पुतणीने स्टूल पुढे सरकवलं. तो बसला, आणि त्याचा चेहरा वहिनींच्या चेहऱ्याशेजारी आरशात आला. त्यांनी दोन्ही हातांनी आरशाची कड धरली. डोळे मिटले, उघडले. मग त्या कपाळापासून सावकाश बघत खाली आल्या.

"तुमचा डावा कान बाहेर आलाय," त्या म्हणाल्या.

"लहानपणापासून आहे तो तसा."

"त्यांचा नव्हता."

"नाही. त्याचा नव्हता."

"इतकी वर्षं पानावर वाढलं तुम्हाला, आणि हे बघितलंच नाही कधी मी." त्यांनी नजर काढली नाही. "भुवई पण वेगळी आहे. हलू नका."

पुतणी आत जाऊन नवे दिवे एकेक लावून बघू लागली. त्याच्या गुडघ्याला रग लागली होती, पण वहिनींना बघायचं होतं तितका वेळ तो स्टुलावर ताठ बसून राहिला.