उशीचा अभ्रा

लाँड्रीवाल्या मावशींना डाग दिसला की राहवत नसे. चर्चमध्येसुद्धा त्यांचं अर्धं लक्ष पुढच्या बाकावरच्या माणसाच्या कॉलरकडे. त्या रविवारी मात्र पाळकांचं बोलणं त्यांच्या जिव्हारी लागलं. शेजारी दुःखात असताना आपण दार लावून प्रार्थना करत बसलो, तर देव ती ऐकेल कशाला, असं पाळक म्हणाले. भिंतीपलीकडच्या सुतारभाऊंची बायको जाऊन महिना होत आला होता, आणि मयतीनंतर मावशी तिकडे फिरकल्याही नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी भाऊ कामावर गेले तशा मावशी बाह्या सारून निघाल्या. त्या घराची एक किल्ली पूर्वीपासून त्यांच्याकडे असायची. आत पसारा म्हणजे काय विचारू नका! मावशींना उलट हुरूप आला. त्यांनी भांडी घासली, केर काढला, चादरी-अभ्रे लाँड्रीत नेऊन उकळत्या पाण्यातून काढले, कडक इस्त्री केली. पलंग असा घातला की माशी बसली तर घसरून पडावी.

संध्याकाळी भाऊ आले आणि पलंगाजवळ नुसते उभे राहिले. मग खिडकीकडची उशी उचलून त्यांनी नाकाशी धरली.

"ताई, हा अभ्रा धुतलात?"

"धुतला म्हणजे? चांगला दोनदा धुतला. तेलाचा डाग होता केवढा."

"तिच्या केसांचं तेल होतं ते," भाऊ म्हणाले. "वास येत होता अजून. तेवढाच राहिला होता."

मावशींना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. रात्री 'प्रभू, मी मदतच करायला गेले होते ना?' म्हणून त्यांनी देवाशीही भांडून पाहिलं. पण मनात खरं काय ते कळत होतं. डागाला कोणी विचारून धूत नाही, त्याच सवयीनं मावशी माणसाच्या घरात शिरल्या होत्या.

दुसऱ्या संध्याकाळी किल्ली घरीच ठेवून त्यांनी भाऊंचं दार वाजवलं.

"चुकले मी, भाऊ. वास काही मला परत आणता यायचा नाही. तुम्हाला काय हवंय, ते आता तुम्हीच सांगा."

भाऊ त्यांना आत घेऊन पलंगाच्या कडेला टेकले. मग म्हणाले, "ती लाँड्रीत कपडे द्यायला यायची, तेव्हा तासन् तास तुमच्याशी बोलत बसायची. काय बोलायची एवढं?"

"तुमच्याच तक्रारी, दुसरं काय? म्हणायची, यांच्या प्रत्येक खिशात खिळे. मी नवरा केला की हार्डवेअरचं दुकान?"

भाऊंच्या ओठांच्या कडेला हसू आलं.

"आणि तिच्यासाठी तुम्ही स्टूल केलंत ना, ते डुगडुगतं म्हणायची. पण तुम्हाला सांगायची तिची छाती होईना. इतक्या हौसेनं केलंय, म्हणायची. रोज स्टुलाच्या पायाखाली पुठ्ठा सारून बसायची बिचारी."

भाऊ उठले. चुलीजवळच्या त्या स्टुलापाशी गुडघे टेकून त्यांनी त्याचा पाय उचलून पाहिला. खाली पुठ्ठ्याची चौकोनी घडी होती, तिच्या हातची, दाबून दाबून चपटी झालेली. सुतार माणूस, पण इतक्या वर्षांत त्यांना पत्ता नव्हता. ती घडी तळहातावर घेऊन ते तिथेच बसले आणि मयतीलाही रडले नव्हते इतके रडले. मावशी जवळ जाऊन फरशीवर बसल्या. या वेळी त्यांनी कशालाही हात लावला नाही.

थोड्या वेळानं भाऊंनी डोळे पुसले, घडी होती तशी पायाखाली सारली, आणि स्टूल मावशींकडे वळवलं.

"वर बसा, ताई. अजून काय काय म्हणायची?"