एका डब्याला दोन ड्रायव्हर

मी एक जुना साउंड कार्डाचा डबा आहे. मित्रांनो, नाव ऐकून नाक मुरडू नका. घरात मला सगळे डबाच म्हणतात आणि मीही आता ते मनाला लावून घेत नाही. विटेएवढं माझं अंग, पुढे माइक लावायला दोन गोल भोकं, दोन बटणं आणि एक इवलासा हिरवा दिवा. माइकमधून आलेला आवाज मी आत घेतो, त्याचे आकडे करतो आणि संगणकाकडे पाठवतो. मी नसलो तर गाणाऱ्याने कितीही जीव तोडून गायलं तरी पडद्यावरची रेष सपाटच राहते. एवढं माझं महत्त्व, पण सांगायचं कुणाला?

कारखान्यात जाड चष्म्याच्या एका बाईंनी माझ्या पोटातल्या तारा जोडल्या, कानाला हेडफोन लावून मला तपासलं आणि समाधानाने मान हलवली. त्या मान हलवण्यावर मी इतकी वर्षं ताठ आहे. तिथून मी या घरी, मावशीच्या भाचीकडे आलो. गाणी रेकॉर्ड करून देणं हा तिचा व्यवसाय. ती मावशीकडे लहानाची मोठी झाली आणि मावशीच्याच घरातली मागची खोली तिने कामाला घेतली. भिंतींना जुन्या गाद्या, खिडकीवर जाड रजई, आणि टेबलावर मी. सुरुवातीला भाची मला मऊ फडक्याने पुसायची. पुढे कामं वाढली, माझ्या डोक्यावर पाण्याचे पेले ठेवले जाऊ लागले. चालायचंच.

आता ड्रायव्हरबद्दल सांगतो. गाडी हाकणारा नव्हे. संगणकाला माझी भाषा येत नाही आणि मला त्याची. आमच्यामध्ये जो छोटासा प्रोग्राम दुभाष्याचं काम करतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. माझा ड्रायव्हर माझ्याबरोबरच या घरात आला आणि आमचं कधी वाजलं नाही.

मग मावशीच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण आवाजाचं काही सांगता येत नाही. तोवर आवाज जपून वापरा. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन, म्हणून संध्याकाळी दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. मावशीने बॅग भरली आणि भाचीच्या खोलीत येऊन बसली.

"एक गाणं घे माझं," ती म्हणाली. "उठवायचं."

मावशीची मुलगी लहानपणी पक्की झोपाळू होती. तिला उठवायला मावशीने स्वतःच एक गाणं रचलं होतं:

ऊठ गं राणी, ऊन आलं पायाशी,
दप्तर बसलंय रुसून उशाशी.

मुलगी आता नोकरीसाठी दुसऱ्या शहरात होती. तिला रजा उद्यापासून मिळणार होती. भाचीने तिला कळवलं, तर गाणं तिला आत्ताच, आई गाताना ऐकायचं होतं. म्हणून भाचीने लगेच मोठ्या हौसेने संगणकात दुसरा एक ड्रायव्हर टाकला. व्हिडिओ कॉलवर मावशीचा आवाज माझ्यातून स्वच्छ ऐकू जावा, हा तिचा हेतू. हेतू सोन्यासारखा होता, पण इथेच घोळ झाला.

मावशीने पहिली ओळ गायली आणि तव्यावर पाणी शिंपडावं तसा चर्र आवाज आला. भाचीने थांबवलं. पुन्हा घेतलं, तर अर्ध्यातच आवाज तुटला. कॉलवरचा ड्रायव्हर मला एका वेगाने ओढत होता आणि रेकॉर्डिंगचा दुसऱ्या वेगाने. मी एकटा, कुणाकुणाचं ऐकणार? माझा दिवा भीतीने लुकलुकत होता.

"ताई, केबल बदलून बघ," पडद्यावरून मुलगी म्हणाली. भाचीने केबल बदलली.

"संगणक बंद करून चालू कर." तेही केलं. कॉल तुटला, मी मोकळा झालो, मला हायसं वाटलं. पण संगणक सुरू होताच भाचीने सगळ्यात आधी काय केलं असेल? बहिणीला पुन्हा कॉल लावला! मला बोलता येत असतं तर मी ओरडलो असतो.

तिसऱ्या वेळी पुन्हा चर्र. त्यात मावशीचा आवाज खरखरीत लागला. तिने कोमट पाण्याचा घोट घेतला आणि गळ्यावर हात ठेवला. प्रत्येक वाया गेलेल्या ओळीबरोबर तिचा आवाज झिजत होता आणि सगळं खापर माझ्यावर फुटत होतं.

"डबाच म्हातारा झालाय," मुलगी म्हणाली. "नवीन घे म्हणून कधीची सांगतेय मी."

भाचीने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, झालं, आता माळा.

"आता एकदाच गाईन," मावशी हळूच म्हणाली. "परत जमायचं नाही मला."

भाचीने बटणावर बोट ठेवलं. तेवढ्यात पडद्यावर मुलीचा चेहरा गोठला आणि कॉल तुटला. माझा दिवा स्थिर झाला. मावशीने घसा साफ करायला नुसतं "हं" केलं, आणि ते "हं" पडद्यावर स्वच्छ उमटलं. भाची बघतच राहिली. क्षणात कॉल आपोआप जोडला गेला आणि माझा दिवा पुन्हा लुकलुकला.

"अगं बाई!" भाचीने कपाळावर हात मारला. "या कॉलनेच डबा धरून ठेवलाय. दोन ड्रायव्हर एकालाच ओढतायत. बिचारा करणार काय?"

बिचारा! मित्रांनो, त्या एका शब्दाने माझं पोट भरलं.

"म्हणजे मी ऐकायचं नाही?" मुलीने विचारलं.

"थांब, तुला मोबाईलवर जोडते," भाची म्हणाली.

"नको," मावशी म्हणाली. "तुझा चेहरा दिसला की माझा गळा दाटून येतो गं. मघापासून मी त्या खरखरीआडच लपतेय. तुझ्यासाठीच गातेय ना? मग ठेव आता. रेकॉर्ड झालं की ऐक."

"नीट गा हं आई," एवढंच मुलगी म्हणाली आणि तिने कॉल बंद केला.

भाचीने दुसरा ड्रायव्हर काढून टाकला. बाहेर दवाखान्यात न्यायला आलेल्या गाडीचा हॉर्न वाजला. मावशीने डोळे मिटले आणि सुरुवात केली. मी माझं सगळं बळ एकवटलं. "उशाशी" हा शब्द वर चढतो. तिथे तिचा आवाज बारीक झाला, हलला, आता तुटतो की काय असं वाटलं, पण वर जाऊन पोचला. मी त्यातला कणही सांडू दिला नाही. गाणं संपलं तरी भाची डोळे पुसत बसली होती, रेकॉर्डिंग बंद करायचं तिला सुचलंच नाही. म्हणून मावशीचा प्रश्नही माझ्यात आला: "झालं का गं?"

ऑपरेशन नीट पार पडलं. मावशी आता बोलते, खोल आणि घोगरं, पण गात नाही. शेवटचा तो प्रश्न भाची कापून टाकणार होती. घरी आलेल्या मुलीने तिचा हात धरला. "त्याला हात लावू नकोस," ती म्हणाली.

मित्रांनो, एक विनंती आहे. यंत्र अडलं की लगेच त्याला माळ्यावर टाकू नका. त्याला आणखी कोण ओढतंय, ते आधी बघा. आमच्या डोक्यावर पाण्याचे पेले ठेवू नका. आणि घरातल्या माणसांचे आवाज गळा ठणठणीत असतानाच साठवून ठेवा, दारात गाडी उभी राहण्याची वाट पाहू नका.

मुलगी परत नोकरीवर गेली. रोज सकाळी तिच्या मोबाईलवर गजर म्हणून तेच गाणं वाजतं. परवा ती फोनवर मावशीला सांगत होती, "आई, गाण्याने मी अजूनही उठत नाही. लोळतच ऐकते. शेवटी तू ‘झालं का गं?’ विचारतेस, तेव्हा ‘झालं गं आई’ म्हणते आणि उठते."