चौकशीची खिडकी

श्यामला चौगुले कोल्हापुरातल्या एका एसटी स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारायची आणि चौकशीची खिडकीही सांभाळायची. नवरा वारल्यापासून ती एकटीच राहत होती. मुलगी अंतरा पुण्यात नोकरीला. घरी गेल्यावर तोंड उघडायचं कारणच नसायचं.

एका दुपारी चिमणाबाई नावाची म्हातारी खिडकीशी आली.

"बाई, मुरगूडची गाडी कवा हाय?"

"आत्ताच गेली की, आजी. मी तीनदा पुकारली."

"पुकारली व्हय? मला वाटलं, कोणतरी भांडाय लागलंय."

म्हातारी रागानं बोलली नव्हती, म्हणूनच श्यामलाला ते जास्त लागलं. तिनं माइक सहकारी गुंडूकडे दिला आणि चिमणाबाईंशेजारी बाकावर जाऊन बसली. गुंडूनं पुढची गाडी पुकारली. इंजिनांची घरघर, हॉर्न, भेळवाल्याची आरोळी, त्यात पत्र्याखालच्या कर्ण्यांचे आवाज एकमेकांवर आदळत होते. रोज तीच वाक्यं बोलणाऱ्या श्यामलालासुद्धा गाव कुठलं ते कळलं नाही.

"घरी वाट बघत असतील," ती म्हणाली.

"कोण बघतंय? म्हशी तेवढ्या," चिमणाबाई म्हणाल्या. मग पुढची गाडी येईपर्यंत त्या म्हशींबद्दलच बोलत राहिल्या. श्यामला ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती स्टँडप्रमुख उदयसिंह साहेबांकडे गेली.

"आवाज वाढवून देतो," साहेब म्हणाले.

"वाढवू नका, कमी करा. कर्णे काढून बाकांजवळ लहान स्पीकर लावा."

साहेबांना पटेना. तेव्हा तिनं त्यांनाही बाकावर नेऊन बसवलं. महिन्याभरात स्पीकर लागले. श्यामलानं बोलायची पद्धतही बदलली. आधी गावाचं नाव, मग फलाट, जरा थांबून पुन्हा तेच. जवळ इंजिन घुमत असलं तर ते शांत होईपर्यंत ती गप्प राहायची.

लोक नाव ऐकून पिशव्या उचलू लागले. साहेब खूश झाले. श्यामलालाही बरं वाटलं.

पण खिडकीशी कोणी येईना. दिवसभरात आपल्याशी कोण बोलत होतं, तर तीच विचारायला येणारी माणसं, हे तिला आता उमगलं. एकदा तिनं अंतराला फोन लावला. "आई, मीटिंगमध्ये आहे गं, नंतर करते," अंतरा म्हणाली. फोन काही आला नाही.

मग ती डबा घेऊन बाकावर जेवायला बसू लागली. एकदा शेजारच्या बाईनं विचारलं, "गडहिंग्लजला व्हय?"

"न्हाय, मी इथलीच. तुमी?"

"लेकीकडं निघालोय. तिला दिवस गेल्यात..."

तेवढ्यात स्पीकरवर गुंडूचा आवाज आला, अगदी स्वच्छ. "गडहिंग्लज. फलाट चार."

"आली बघा," म्हणत बाई उठली. श्यामलानं तिची जड पिशवी गाडीत चढवून दिली. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत ती फलाटावर उभी राहिली, आणि मग उरलेली भाकरी खायला बाकाकडे वळली.