दोन बोटांची स्केल

"काळ्या पट्टीवर मधलं बोट, भाऊजी. प्रत्येक काळ्या पट्टीवर तेच," म्हणत धाकट्या मेहुणीने पियानोवरची त्यांची तर्जनी उचलून बाजूला केली.

भाऊजींनी मान डोलावली आणि पुन्हा तर्जनीच ठेवली.

ताईला जाऊन महिना झाला होता. पियानो धाकट्या बहिणीला द्यायचा, असं ताईच सांगून गेली होती. उद्या हमाल येणार होते. त्याआधी भाऊजींनी एकच मागणं केलं होतं: काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या ओळीने वाजवायची ती क्रोमॅटिक स्केल तेवढी शिकव. उभा जन्म सुतारकामात गेलेला हा माणूस पियानोच्या वाटेला कधी गेला नव्हता. ताई सकाळी स्केल वाजवायची, तेव्हा हे शेजारच्या खोलीत रंधा मारत असायचे.

"सोपं आहे हो. पांढऱ्यावर अंगठा, काळ्यावर मधलं. दोन पांढऱ्या लागोपाठ आल्या, की दुसरीवर तर्जनी."

"ती असं नाही वाजवायची."

"काहीतरीच काय! मी तिच्याकडेच शिकले. चुकलं की टिचकी मारायची बोटावर."

"शेवटी नाही." त्यांनी हात पट्ट्यांवर धरला आणि तीन बोटं तळव्यात मुडपली. "वर्षभर ही तीन बोटं उघडतच नव्हती तिची. अंगठा आणि तर्जनी, एवढ्यावरच भागवायची."

तिला रविवारचे फोन आठवले. दर रविवारी ताई फोन शेजारी ठेवून तिला स्केल ऐकवायची. लागोपाठच्या पांढऱ्या पट्ट्यांशी सूर अडखळायचा आणि ही इकडून हसायची, "ताई, आळशी झालीस हं! जरा रियाज कर." ताईही हसायची. "करते गं बाई."

"मला का नाही सांगितलंत?"

"तिनेच बजावलं होतं. धाकटी सगळं सोडून धावत येईल म्हणाली." त्यांनी मुडपलेल्या बोटांकडे पाहिलं. "रविवारी पहाटेपासून तयारीला बसायची. तू हसलीस, की दिवसभर खुशीत असायची. कळलं नाही तिला, म्हणायची."

बराच वेळ तिला पट्ट्या नीट दिसेनात. मग तिने डोळे पुसले आणि त्यांचा हात पुन्हा जागेवर ठेवला. मुडपलेल्या मधल्या बोटाला तिने हात लावला नाही.

"इथे दोन पांढऱ्या येतात. इथे ताई काय करायची?"

"अंगठाच सरकवायची. वेळ लागायचा जरा."

"मग तुम्हीही तसंच करा. घाई नको."

त्यांनी अंगठा सरकवला. सूर अडखळला. पुढचा येईपर्यंत ती थांबून राहिली.