शेजाऱ्याने लावलेली बोली

शनिवारी अकराला लिलाव असला की आमची सगळी गल्ली फुटपाथवर जमते. घर घ्यायचं कुणालाच नसतं. शेजारचं कितीला गेलं म्हणजे आपलं कितीचं झालं, एवढंच बघायचं असतं. मी त्यांचा पुढारी. सेंट ऑल्बन्स या उपनगरातल्या या एका गल्लीत माझी तीन घरं, एकात आम्ही नवरा-बायको आणि आमचा लेक, दोन भाड्यानं दिलेली, आणि चौथ्याचा किडा डोक्यात वळवळत होता. बँकेचा माणूस म्हणाला होता, गल्लीत एखादं घर चांगल्या भावाला जाऊ दे, मग कर्ज वाढवून देतो.

विकायला निघालं ते नेमकं आमच्या बाजूचं. कन्सेट्टा तिथं बावीस वर्षं भाड्यानं राहत होती. मालक वारला आणि त्याच्या पोरांनी घर विकायला काढलं. आदल्या दिवशी ती आमच्या स्वयंपाकघरात पस्तिझी, चीज भरलेले खुसखुशीत पफ, खात बसली होती.

"नेनू, सात लाख दहा हजार," ती मला म्हणाली. "त्याच्यावर एक डॉलर नाही. नवऱ्याच्या विम्याचे, माझे, लेकीचे, सगळे झाडून."

"मिळेल गं," माझी बायको जोझा म्हणाली. "त्या पडक्या घराला दुसरं कोण विचारतंय?"

खरंच कुणी विचारलं नाही. कन्सेट्टानं सहा लाख ऐंशी हजार म्हटलं आणि सगळे चिडीचूप. लिलाववाला घसा फोडून थकला. "एकवार," तो म्हणाला.

सहा ऐंशी! मग माझ्या घरांचा भाव काय राहणार? तिथं मला दुर्बुद्धी सुचली. तिचा शेवटचा आकडा मला ठाऊक होता. म्हटलं, तिथवर ढकलू आणि गप्प बसू. घर तिचंच, भाव माझा. अक्कल बघा माझी!

मागून मी सहा नव्वद म्हणालो. ती मागे न बघता सात म्हणाली. मी सात पाच, ती सात दहा. मी हाताची घडी घातली.

तेवढ्यात गाडीचं दार उघडून निघालेला एक टोपीवाला परत फिरला. "सात पंधरा," तो म्हणाला.

कन्सेट्टानं पर्स छातीशी धरली आणि नाही म्हणून मान हलवली. तीन वेळा आकडा पुकारला गेला, घर गेलं.

टोपीवाला माझ्याकडे हात मिळवायला आला. "मी निघालोच होतो हो," तो म्हणाला. "पण लोक म्हणाले, याची इथं तीन घरं आहेत. असा माणूस बोली लावतोय म्हणजे गल्लीत दम असणार."

जोझानं ते ऐकलं. ती तडक घरात गेली आणि दार लावून घेतलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पाच आठवड्यांनी कन्सेट्टा लांब मेल्टनला, लेकीच्या दोन खोल्यांत राहायला निघाली. मी खोकी उचलू लागलो. दुसरं काय करणार? शेवटचं खोकं गाडीत ठेवल्यावर तिनं माझ्या दंडावर हात ठेवला.

"आवाज तुझा होता, ओळखला मी," ती म्हणाली. "लेकासाठी हवं होतं ना तुला? आदल्या दिवशी सांगायचंस की रे. मी बोलीच लावली नसती."

मी हो म्हणालो.